झडप, बझर आणि कापसाचा बोळा

बालमित्रांनो, विमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? मोठे पंख, गरगर फिरणारा पंखा, खिडकीबाहेरचे ढग. होय ना? आज मात्र मी तुम्हाला विमानातल्या एका अगदी लहान वस्तूची हकिकत सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे बझर. दाराच्या घंटीसारखा टीं टीं करणारा. बाजारात दोन-तीन वडापावांच्या किमतीत मिळतो. पण विमानात तो वेळेवर वाजला तर माणसं वाचतात. आणि नको तेव्हाही वाजत राहिला तर? त्याचीच तर ही हकिकत!

माझं शहापूरला विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं छोटंसं दुकान आहे. पंखा, मिक्सर, इस्त्री, टॉर्च, लोक काय वाटेल ते घेऊन येतात. महिन्यातले दोन शनिवार मी दुकान लवकर बंद करतो आणि एसटीनं मुरबाडच्या बाजूला जातो. वाटेत सापगावला भातसा नदीवरचा पूल लागतो, पुढे भातखाचरं, मग आणखी भातखाचरं, आणि मग एक बैठी शाळा येते. तिथल्या आठवी-नववीच्या मुलांनी विज्ञान मंडळ काढलं आहे. माझ्या पिशवीत वायरीचे तुकडे, जुन्या वस्तूंतून काढलेले सुटे भाग आणि सोल्डरिंगचं सामान असतं. मुलांच्या डोक्यात प्रश्न असतात. असा आमचा बाजार भरतो!

एका शनिवारी मी त्यांना कॅप्टन अमोल यादव यांच्याबद्दल सांगितलं. ते वैमानिक. त्यांनी मुंबईत कांदिवलीला, चारकोपमध्ये, इमारतीच्या गच्चीवर चक्क सहा जणांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं त्याची नोंदणी केली आणि पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या.

“गच्चीवर विमान होतं, तर शाळेच्या व्हरांड्यात का नाही होणार?” एकानं विचारलं.

झालं! मंडळाचा बेत ठरला. अर्थात उडणारं विमान नव्हे. वैमानिकाची खुर्ची, समोर तबकड्या आणि एक पंख. दुसऱ्या पंखाला व्हरांड्यात जागाच नव्हती. त्यामुळे गावात आमचं नाव पडलं, ‘एकपंखी विमानवाले’!

पंख केला फ्रिजच्या मोठ्या खोक्याचा. त्याच्या मागच्या कडेला, खुर्चीच्या जवळ, बिजागऱ्या लावून एक लांबट पट्टी बसवली. हिला फ्लॅप म्हणतात. आम्ही तिला झडप म्हणू लागलो. ही झडप कशासाठी असते, ठाऊक आहे?

तुम्ही भातखाचरात उतरणारा बगळा पाहिला असेल. वर असतो तेव्हा पंख सरळ ताणलेले. पण उतरायची वेळ आली की तो पंखांचा आकार बदलतो, शेपूट पसरतो, जणू हवेला धरून धरून खाली येतो. वेग कमी होतो, पण धपकन पडत नाही. विमानाची झडप खाली केली की काहीसं तसंच होतं. पंखाचा बाक वाढतो. त्यामुळे कमी वेगातही पंख विमानाला उचलून धरतो. शिवाय झडप हवेला अडवते, म्हणून वेगही मोडतो. उतरताना या दोन्ही गोष्टी हव्याच असतात.

पण उड्डाण करताना? तेव्हा उचल हवी, अडवणूक नको. म्हणून छोट्या विमानात उड्डाणाच्या वेळी झडप बंद किंवा थोडीशीच उघडी ठेवतात. सेस्ना १५२ हे दोन जणांचं विमान घ्या. जगभरात असंख्य वैमानिक त्यावर शिकले. त्याची झडप ३० अंशांपर्यंत खाली येते. उड्डाणासाठी मात्र १० अंशांपेक्षा जास्त उघडी ठेवायची परवानगी नाही. पूर्ण उघडी राहिली तर इंजिन जीव तोडून ओढतं, पण विमान धड वर चढत नाही. पुढे झाडं असतील, डोंगर असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

आणखी एक धोका. झडप पूर्ण उघडी असताना फार वेगानं गेलं तर हवेच्या दाबानं तिला इजा होऊ शकते. म्हणून वेग दाखवणाऱ्या तबकडीवर एक पांढरा पट्टा रंगवलेला असतो. पूर्ण झडप उघडायची ती काटा त्या पट्ट्यात असतानाच. सेस्ना १५२ मध्ये हा पट्टा ८५ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे १५७ किलोमीटरला संपतो.

“पण काका, झडप उघडी आहे की बंद, हे पायलटला कळत नाही का?” चष्मा लावणाऱ्या एका मुलीनं विचारलं.

प्रश्न लाखमोलाचा! काही जुन्या छोट्या विमानांत झडप हातानं ओढायच्या दांड्यानं उघडते. दोन खुर्च्यांच्या मध्ये तो दांडा उभा दिसतो, हाताला लागतो. विसरणं कठीण. पण पुष्कळ विमानांत झडप विजेच्या मोटारीनं हलते. बटण दाबलं, सोडलं, संपलं. एक लहानसा काटा ती कुठे आहे ते दाखवतो, पण काट्याकडे बघायचं आठवलं पाहिजे ना! एकदा उतरून लगेच पुन्हा उडायचं असेल, गडबड असेल, रेडिओवर कोणी बोलत असेल, तर चांगल्या माणसाकडूनही राहून जातं.

मोठ्या प्रवासी विमानांत यासाठी इशारा देणारी यंत्रणा असते. छोट्या विमानांत ती बहुधा नसते. पण घरी बांधलेल्या विमानात काय बसवायचं हे बरंचसं बांधणाराच ठरवतो. अमेरिकेत रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी आरेखन केलेली ‘आरव्ही’ नावाची विमानं हजारो हौशी लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये, शेडमध्ये बांधून उडवली आहेत. अशा विमानात झडपेचा इशारा हवा असेल तर बांधणारा स्वतःच चार वायरी जोडून बसवू शकतो. मग आमचं एकपंखी विमान तरी मागे का राहील?

मी पिशवीतून संगणकाचे दोन मोडके माऊस काढले. माऊसच्या बटणाखाली एक इवलासा स्विच असतो, त्याला मायक्रोस्विच म्हणतात. जरासा दाब पडला की टिक करून जोडला जातो. तो मुलांनी झडपेखाली असा बसवला की झडप जरा जरी खाली आली तरी दाबला जाईल. स्विच, नऊ व्होल्टची बॅटरी आणि बझर एकामागून एक जोडले. झडप खाली, टीं! झडप वर, गप्प! टाळ्या पडल्या. मी निघून आलो.

पंधरा दिवसांनी गेलो तर बझर मुका! बॅटरी पाहिली, ठीक. वायरी पाहिल्या, ठीक. मग बझरच्या भोकात बोट घातलं तर आत काय निघालं असेल? कापसाचा बोळा! वर आणखी चिकटपट्टी.

“कोणी केलं रे हे?” मी विचारलं.

एक मुलगा खाली मान घालून पुढे आला. “काका, डोकं उठवतो तो. आम्ही उतरायचा सराव करतो, तेव्हा झडप खाली ठेवावीच लागते. तो आपला सारखा टीं टीं टीं. बाई वर्गातून ओरडल्या. म्हणून...”

मला हसू आलं. त्याला रागवायचं तरी कसं? तो खरं तेच सांगत होता. उतरताना झडप खाली असणं ही चूक नाहीच, ते योग्यच आहे. मग बझर कशाबद्दल ओरडत होता? योग्य वागणाऱ्या माणसावर! मुरबाड तालुक्यातली म्हशाची जत्रा तुम्हाला माहीत असेल. पौष पौर्णिमेला भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या आणि पोरांच्या हातात पिपाण्या. शंभर पिपाण्या एकदम वाजत असताना त्यातली एखादी तुम्हाला हाक मारतेय, हे कळेल का? नाही. इशाऱ्याचंही तसंच. जो सतत वाजतो तो इशारा राहत नाही, नुसता गोंगाट होतो. आणि गोंगाटात माणूस कापसाचा बोळा शोधतोच.

मग आम्ही सगळे व्हरांड्यात बसलो आणि विचार करू लागलो. बझर नेमका केव्हा वाजला पाहिजे? चष्मेवालीनं उत्तर काढलं. “झडप जास्त खाली आहे आणि इंजिन पूर्ण जोरात आहे, असं दोन्ही एकाच वेळी असेल तेव्हा.”

शाबास! विमानाचं इंजिन जोरात करायला जो दांडा पुढे ढकलतात त्याला थ्रॉटल म्हणतात. आम्ही दुसरा मायक्रोस्विच थ्रॉटलच्या पुढच्या टोकाला बसवला आणि तो पहिल्या स्विचच्याच रांगेत जोडला. आता दोन्ही स्विच दाबले गेले तरच वीज बझरपर्यंत पोचणार. दोन कड्यांचं दार म्हणा ना, दोन्ही कड्या काढल्याशिवाय उघडत नाही! झडपेचा स्विचही थोडा खाली सरकवला, म्हणजे १० अंशांपर्यंत तो दाबलाच जाऊ नये. आता उतरताना झडप पूर्ण खाली, पण थ्रॉटल मागे, म्हणून शांतता. उड्डाणाला थ्रॉटल पुढे, पण झडप वर, म्हणून शांतता. आणि झडप खाली विसरून थ्रॉटल पुढे ढकलला की टीं!

“आणि काका, उतरता उतरता धावपट्टीवर म्हैस आली, परत वर जायचं झालं तर?” बोळेवाल्यानं विचारलं. बघा, डोकं कसं चालतं! तेव्हाही बझर वाजणार आणि वाजायलाच हवा. कारण तेव्हा पायलटला झडप वर घ्यायचीच असते. पण एकदम सगळी नाही. एकदम घेतली तर पंखाची उचल जाते आणि विमान खाली बसतं. सेस्ना १५२ मध्ये थ्रॉटल पूर्ण देऊन झडप आधी २० अंशांवर आणतात आणि बाकीची मग हळूहळू. म्हणून मुलांनी बझरशेजारी एक लाल दिवा बसवला आणि त्याखाली चिठ्ठी लावली, ‘झडप बघ. टप्प्याटप्प्यानं वर.’ ओरडणाऱ्यानं नुसतं ओरडू नये, काय करायचं तेही सांगावं!

आता सगळं झालं, असं मुलांना वाटलं. तेव्हा मी त्यांना दोन खऱ्या गोष्टी सांगितल्या. तुम्हालाही सांगतो. त्या दुःखाच्या आहेत, पण ऐकण्यासारख्या आहेत.

पहिली आहे १६ ऑगस्ट १९८७ ची, अमेरिकेतल्या डेट्रॉइटची. ते मोठं जेट विमान होतं. मोठ्या जेटचं आपल्या छोट्या विमानाच्या उलट असतं. त्याला उड्डाणासाठी झडप ठरावीक अंशांपर्यंत उघडावीच लागते, नाहीतर ते वर चढत नाही. त्या दिवशी वैमानिकांची यादी वाचून तपासणी राहून गेली आणि झडप बंदच राहिली. अशा वेळी ओरडायला यंत्रणा होती. पण तिला वीजच पोचत नव्हती. ती गप्प राहिली. विमानात १५५ जण होते. त्यांतली एक चार वर्षांची मुलगी तेवढी वाचली. जमिनीवरचेही दोघे गेले.

दुसरी ३१ ऑगस्ट १९९९ ची, अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सची. तिथेही झडप बंद राहिली. पण इथे भोंगा वाजला, बरं का. चांगला वाजत राहिला. वैमानिकांनी तो ऐकला आणि तरीही विमान पुढे दामटलं. विमान धावपट्टी ओलांडून रस्त्यावर गेलं आणि ६५ माणसं गेली.

व्हरांड्यात कोणी बोलेना. मग एकजण हळूच म्हणाला, “म्हणजे एक वाजलाच नाही आणि एक ऐकलाच नाही.”

अगदी तेच. पहिल्या गोष्टीवर उपाय काय? मुलांनी एक बटण सुचवलं, दाबलं की बझर वाजेल आणि तो ठीक आहे हे कळेल. मी म्हटलं, त्यानं फक्त बझर तपासला जाईल. झडपेकडची वायर उंदरानं कुरतडली असेल तर? बटण दाबल्यावर बझर वाजेल आणि तुम्ही खूश व्हाल, पण खऱ्या वेळी तो गप्प! म्हणून आम्ही नियम केला. विमान चालू करण्याआधी रोज झडप पूर्ण खाली करायची, थ्रॉटल पुढे ढकलायचा आणि बझर वाजतो का ते कानांनी ऐकायचं. मग झडप वर, थ्रॉटल मागे. म्हणजे स्विच, वायर, बॅटरी, बझर सगळ्यांची हजेरी एकदम लागते. आणि बझर असला तरी तपासणीची यादी वाचायचीच. बझर हा राखणदार आहे, आपलं काम करणारा गडी नव्हे.

दुसऱ्या गोष्टीवरचा उपाय मात्र माझ्या पिशवीत नव्हता.

तो निघाला एका मुलीकडून. ही मूळची सापगावच्या बाजूची, भातसा नदीकाठच्या गावातली. शिकायला मामाकडे राहते. एरवी फारसं बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, “काका, आमच्या आजीचं पण असंच आहे.”

तुम्हाला माहीत असेल, मुंबईला जे पाणी मिळतं त्यातला जवळपास अर्धा वाटा शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाचा. पावसाळ्यात धरण भरत आलं की त्याचे दरवाजे उघडून पाणी नदीत सोडतात. त्याआधी काठच्या गावांना सावध राहायचा इशारा दिला जातो. “आजी बोलते, दरवर्षीच सांगतात. आणि इशारा आला तरी खाली जाते, शेळ्या सोडवायला नाहीतर कपडे आणायला. लांडगा आला रे आला, असं तिला वाटतं.”

“मग तिलाही चिठ्ठी लावा ना, झडप बघ म्हणून!” बोळेवाला म्हणाला. सगळे हसले. पण ती मुलगी हसली नाही. तिनं ते मनावर घेतलं.

पुढच्या सुट्टीत ती गावी गेली आणि तिनं आजीलाच विचारलं, पाणी वाढतं तेव्हा आधी कुठे येतं, मग कुठे? आजीला सगळं पाठ होतं. साठ पावसाळे पाहिलेली बाई ती! आजी दाखवत गेली आणि नातीनं नदीकडे उतरणाऱ्या वाटेवरच्या दगडांवर चुन्यानं खुणा केल्या. खालची खूण, कपडे उचला. मधली खूण, शेळ्या वर न्या. वरची खूण, आता कोणीच खाली जायचं नाही. आणि एक ठराव झाला. खुणा रोजच्यासाठी. पण धरणाचा इशारा आला तर खुणांची वाट बघायची नाही, पाणी दिसण्याआधीच शेळ्या वर!

आईबाबांनो, हा मजकूर तुम्हीही वाचत असाल, म्हणून दोन शब्द तुमच्यासाठी. गाडीत बसल्यावर पट्टा लावला नाही की गाडी टीं टीं करते. तो आवाज बंद करायला पट्ट्याच्या खाचेत नुसती एक क्लिप खोचून ठेवायची युक्ती काही मोठ्या माणसांनी काढली. अशा क्लिपा ऑनलाइन सर्रास विकल्या जात होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना ही विक्री थांबवण्याचा आदेश दिला. आमच्या आठवीतल्या मुलाचा बोळा आणि ही क्लिप यांत एक फरक आहे. त्याचा बझर विनाकारण ओरडत होता. गाडीचा बझर कारणानं ओरडतो. म्हणून मुलांनी बझर सुधारला. क्लिप खोचणाऱ्यानं काय सुधारायला हवं, ते तुम्हीच सांगा.

आणि मुलांनो, तुम्ही एक करा. या रविवारी घरात फिरून बघा. इन्व्हर्टरची टीं टीं, गॅसपाशी लावलेली चिठ्ठी, पाण्याच्या टाकीचा भोंगा, गाडीचा दिवा, घरात इशारा देणाऱ्या किती वस्तू आहेत? प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. तू हवं तेव्हाच वाजतेस का? तू खरंच वाजतेस, हे आम्ही कधी तपासलं? आणि तू वाजलीस की आम्ही काय करायचं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे का? कुठे कापसाचा बोळा सापडला तर नुसता काढून टाकू नका. तो कोणी आणि का घातला, ते आधी विचारा. उत्तरात बहुधा दुरुस्तीची वाट सापडते. आम्हाला सापडली.

परवा ती नदीकाठची मुलगी भेटली. म्हणाली, यंदा इशारा आला तेव्हा आजी आधी शेळ्या घेऊन वर आली, दोरी खुंटीला बांधली आणि मगच शेजाऱ्याला विचारलं, “किती दरवाजे उघडले रे?”